मामांच्या डोक्यावर कॅमेरा लावू का?

पत्राचा सारांश

बेळगावच्या एका जुन्या पेठेत तीन पिढ्यांचं साड्यांचं दुकान असलेल्या वाचकाचं हे पत्र आहे. दिवाळीनंतर माल मोजला तेव्हा एकोणीस साड्या कमी भरल्या, त्यातल्या बहुतेक भारीतल्या, काठपदराच्या. कामाला सात माणसं. त्यांतले सर्वांत जुने 'मामा' वडिलांच्या काळापासून गादीवर आहेत. लग्नसराईत चंदगड, खानापूर, गोव्याकडून बस्ता बांधायला माणसं येतात आणि एकेका वेळी पन्नास-पन्नास साड्या उलगडलेल्या असतात. दुकानात चार जुने कॅमेरे आहेत. दोन बंद पडलेत, आणि चालू असलेल्या दोनांत 'कुणीतरी माणूस आहे एवढंच कळतं'.

मुलगा नुकताच इंजिनिअर होऊन दुकानात बसायला लागलाय. त्याने सोळा फोर-के कॅमेऱ्यांचं कोटेशन आणलंय: पावणेदोन लाख, आवाजाच्या रेकॉर्डिंगसकट, चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसकट. त्याने काढलेल्या नकाशात बारा कॅमेरे छताच्या कोपऱ्यांत आहेत. एक्याऐंशी वर्षांचे वडील म्हणतात, 'गिऱ्हाईकाला चोर समजून दुकान चालत नाही.' मामांना या सगळ्याची कुणकुण लागली आहे. रोज दुकानात सगळ्यांबरोबर डबा उघडणारे मामा आता दुपारी जेवायला घरी जातात.

वाचक विचारतात: 'कॅमेरे लावले तर मामा दुखावणार, न लावले तर चोरी थांबणार नाही. काय करू?'

उत्तर

नमस्कार.

एकोणीस साड्या कमी भरल्या, हे तुम्ही मोजलंत. त्या चोरीला गेल्या, हे अजून कुणी मोजलेलं नाही. तुमच्या पत्रात पहिल्या परिच्छेदात साड्या कमी आहेत आणि दुसऱ्या परिच्छेदात चोराचा शोध सुरू झालाय. मधली पायरी कुठे गेली?

साडीच्या दुकानातला माल पाय न फुटताही बाहेर जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ओळखीच्या घरी जांगडावर, म्हणजे पसंत पडली तरच ठेवायची या बोलीवर, सात साड्या जातात, पाच परत येतात, दोन ठेवून घेतल्या जातात. पैसे पुढच्या आठवड्यात गल्ल्यात पडतात आणि नोंद जांगडाच्या वहीत तशीच राहते. फॉल-पिकोला गेलेली साडी गिऱ्हाईक परस्पर तिकडूनच घेऊन जातं. सुरतेला परत पाठवलेला गठ्ठा व्यापाऱ्याच्या खात्यातून वजा होतो, स्टॉकमधून वजा करायचा राहून जातो. आणि दिवाळीच्या गर्दीतला हमखास घोळ म्हणजे भारीतली साडी जाते आणि बिल हलक्या साडीच्या बारकोडवर फाटतं. म्हणून एक गोष्ट आधी तपासा: भारीतल्या साड्या कमी भरल्या तशा हलक्यातल्या काही जास्त भरल्या का? भरल्या असतील तर तेवढा चोर बिलाच्या मशीनजवळ आहे, आणि तो चोर नाहीच.

कोटेशनवर सही करण्याआधी आठवडाभर हे काम करा. आणि ते करताना मामांना शेजारी बसवा. कुणाच्या घरी काय दाखवायला दिलं होतं, कुठल्या बस्त्यात कुठली पैठणी बाजूला ठेवली होती, हे वहीपेक्षा त्यांना जास्त आठवत असणार. यात दुसरा एक फायदाही आहे. ज्याला तुम्ही हिशेबाला बसवता, त्याला तुम्ही संशयित धरलेलं नाही, हे न बोलता कळतं.

समजा आकडा एकोणीसवरून आठवर आला. आठ साड्याही थोड्या नव्हेत. पण आता प्रश्न नेमका झाला: या आठ कुठल्या वाटेने गेल्या? बस्त्याच्या गर्दीत गादीवरून, मागच्या गोडाऊनच्या दारातून, की 'बदलून द्या' म्हणत आलेल्या पिशवीतून? या तीन वाटांना तीन वेगळे कॅमेरे लागतात, वेगळ्या जागी, वेगळ्या भिंगांचे. ते ठरवल्याशिवाय सोळा काय आणि बत्तीस काय.

आता तुमच्या मुलाबद्दल. तो उगीच हट्ट करत नाही. तुमचे जुने कॅमेरे खरंच निरुपयोगी आहेत आणि गेल्या काही वर्षांत या यंत्रांत मोठा फरक पडला आहे. कॅमेऱ्याने लांबून नजर ठेवायची कल्पना दुकानदारीतून आलेलीच नाही. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-टू रॉकेटचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून बघता यावं म्हणून असा बंदिस्त वायरीवरचा कॅमेरा लावला होता. पुढे बँका आणि सराफांकडे तो आला तेव्हा सगळं टेपवर चाले. टेप भरली की तीच पुसून पुन्हा वापरायची, म्हणून चित्र दर फेरीला आणखी पुसट व्हायचं. १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने नेटवर्कला जोडता येणारा पहिला कॅमेरा बाजारात आणला. पण लहान दुकानाला एचडी परवडायला लागलं ते चित्र दाबून लहान करायच्या पद्धतींमुळे. एच.२६४ हे मानक २००३ मध्ये आलं, एच.२६५ हे २०१३ मध्ये. तेवढ्याच स्पष्ट चित्राला दुसऱ्यात साधारण निम्मी जागा लागते. याच काळात जुन्या कोॲक्सियल वायरवरूनच एचडी चित्र पाठवायची तंत्रंही आली. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या भिंतीतली जुनी वायर धड असेल तर ती उखडायची गरज नाही. कोटेशनमध्ये 'नवीन वायरिंग' म्हणून जी रक्कम असेल ती आधी विचारून घ्या.

तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात 'कुणीतरी माणूस' एवढंच का दिसतं? त्या काळच्या रेकॉर्डरवर चांगल्यात चांगलं चित्र ७०४ बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाख ठिपक्यांचं. हार्डडिस्क लवकर भरू नये म्हणून बसवणारे बऱ्याचदा ते ३५२ बाय २८८ वर ठेवून जायचे, म्हणजे जेमतेम एक लाख. फुल एचडीत १९२० बाय १०८०, वीस लाखांच्या वर. फोर-केत ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे त्र्याऐंशी लाख. हे आकडे ऐकले की कुणालाही वाटेल, फोर-केच घ्यावा.

इथे थोडं थांबा. एकूण ठिपके किती याला फारसा अर्थ नाही. ज्या जागी तुम्हाला बघायचंय तिथे एका मीटरवर किती ठिपके पडतात, ते महत्त्वाचं. यासाठी ईएन ६२६७६-४ नावाचं युरोपीय मानक आहे. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीनुसार, कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ ठिपके लागतात, ओळखीचा माणूस आहे हे सांगायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटायला २५०. दुकानात सर्रास लावतात त्या २.८ मिलिमीटरच्या रुंद भिंगाला साधारण शंभर अंशांचा पसारा दिसतो. छताच्या कोपऱ्यात तो लावला आणि माणूस आठ मीटरवर असला, तर तिथलं चित्र एकोणीस मीटर रुंदीवर पसरतं. फुल एचडीचे १९२० ठिपके त्यावर वाटले की मीटरला शंभर. फोर-के लावला तरी दोनशे. म्हणजे दुप्पट पैसे मोजूनही अनोळखी बाईमाणसाची ओळख पटेलच असं नाही. उलट तोच साधा फुल एचडी कॅमेरा, अरुंद भिंगाचा, दारासमोर दोन मीटरची चौकट धरून लावला तर मीटरला ९६० ठिपके मिळतात. कपाळावरची टिकलीसुद्धा दिसेल.

म्हणून मुलाच्या नकाशातले छतातले बारा कॅमेरे मला पटत नाहीत. वरून डोकी दिसतात, पदर दिसतात, टोप्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

माझ्या हिशेबाने तुमच्या दुकानाला पाच, फार तर सहा पुरेत. सर्वांत महत्त्वाचा दाराचा. तो डोक्यापेक्षा किंचितच वर, आत येणाऱ्याच्या तोंडासमोर. दारामागे उन्हाचा झोत असतो, त्यामुळे येणारा माणूस काळी सावली दिसतो. अंधार आणि उजेड दोन्ही सांभाळणारा, ज्याला डीलर 'डब्ल्यूडीआर' म्हणतात, तसाच कॅमेरा तिथे घ्या. या एका कॅमेऱ्यावर कंजूसपणा करू नका. दुसरा गल्ल्यावर, बरोबर वरून, हात आणि नोटा दिसतील असा. 'मी पाचशेची दिली होती' हा वाद तुमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी होत असेल. पाचशेची नोट राखाडी, दोनशेची पिवळी, शंभराची जांभळट. जुन्या कॅमेऱ्यात तिन्ही सारख्याच पांढरट दिसतात. नीट लावलेल्या एचडीत रंगावरून मिनिटात निकाल लागतो, आणि बहुतेक वेळा तो गल्ल्यावरच्या पोराच्या बाजूने लागतो. एचडीचा धंद्याला सर्वांत जास्त उपयोग इथे होतो. चोर पकडला जाणं क्वचितचं, हे रोजचं.

तिसरा आणि चौथा गादीवर, दोन बाजूंनी, कारण बस्त्याच्या वेळी समोर बसलेल्या आठ-दहा माणसांच्या पाठी आडव्या येतात. पाचवा गोडाऊनच्या मागच्या दारावर. सहावा बदलून देण्याच्या टेबलावर, तेही आठवडाभराच्या हिशेबात त्या वाटेने काही गेलंय असं दिसलं तरच.

गोडाऊनच्या कॅमेऱ्याबद्दल साडीवाल्याला माहीत हवी अशी एक गंमत आहे. रात्री अंधारात कॅमेरा डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि चित्र काळंपांढरं होतं. कपड्याचे बरेच रंग त्या प्रकाशात जवळजवळ सारखेच दिसतात. काळी सिंथेटिक साडीसुद्धा पांढरट दिसू शकते. म्हणजे रात्री कुणी साडी उचलली हे दिसेल, कुठली उचलली हे सांगता येणार नाही. गोडाऊनमध्ये एक साधा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवा. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा त्या दिव्याने जास्त काम होईल. तसंच कमी उजेडात, तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर ठिपके जितके जास्त तितका प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी, त्यामुळे स्वस्तातला फोर-के अंधारात फुल एचडीपेक्षा कधीकधी वाईट दिसतो.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं? एच.२६५ वर फुल एचडी कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर दिवसाला साधारण २२ जीबी लागतात. सहा कॅमेऱ्यांचे १३० जीबी. चार टीबीच्या डिस्कवर महिना निघतो. महिना का म्हणतोय? कर्नाटकात २०१७ चा सार्वजनिक सुरक्षा उपाययोजनांचा कायदा आहे. एका वेळी शंभर किंवा दिवसभरात पाचशे माणसं येतात अशा ठिकाणांना कॅमेरे लावून तीस दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायला तो सांगतो. लग्नसराईत तुमच्या दुकानात दिवसाला पाचशे पावलं पडत असतील तर ठाण्यात जाऊन एकदा विचारून घ्या. शिवाय तुमचा माल दिवाळीनंतर मोजला जातो. आठ दिवसांचं रेकॉर्डिंग असलं तर साडी कमी आहे हे कळेपर्यंत चित्र पुसलेलं असणार. भारीतल्या साड्यांची मोजणी दर शनिवारी केलीत तर त्या तीस दिवसांना अर्थ येईल.

दोन बारक्या गोष्टी, ज्या डीलर सांगत नाही. एक, रेकॉर्डरचं घड्याळ. आपल्याकडे वळवाच्या पावसात हेस्कॉमची लाइट किती वेळा जाते ते तुम्ही जाणता. लाइट जाऊन आली की कित्येक रेकॉर्डर चुकीची वेळ दाखवायला लागतात, आणि बिलावरची वेळ न् चित्रावरची वेळ जुळली नाही की पुराव्याचा जीवच गेला. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय चालू ठेवा आणि रेकॉर्डरला वेगळा यूपीएस द्या. दोन, रेकॉर्डर गल्ल्याखाली ठेवू नका. रात्री कुलूप तोडणारे आता आधी डीव्हीआर, म्हणजे हा रेकॉर्डरच, उचलतात. माळ्यावर, कुलुपाच्या पेटीत, थोडी हवा खेळेल असा ठेवा.

आणि पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी त्याने फार काही केलं नव्हतं, कारखान्यातून आलेले पासवर्ड एकामागून एक वापरून पाहिले होते. २०२५ मध्ये राजकोटच्या एका रुग्णालयातलं तपासणीच्या खोलीतलं बायकांचं चित्रण असंच फुटून इंटरनेटवर विकलं गेलं. तुमच्या दुकानात बायका साड्या बघतात, अंगावर टाकून आरशात पाहतात. ते चित्रण बाहेर गेलं तर साडीची किंमत कुठल्या कुठे राहील. कॅमेरे बसवणारा माणूस गेल्यावर पासवर्ड बदला, त्याला 'नंतर सर्व्हिसला लागेल' म्हणून देऊन ठेवू नका. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या सुरक्षेची सरकारी तपासणी सक्तीची केली आहे. ज्या मॉडेलचं कोटेशन आहे त्याचं या तपासणीचं, म्हणजे एसटीक्यूसीचं, प्रमाणपत्र दाखवा म्हणा. डीलर घुटमळला तर दुसरा डीलर बघा.

ब्लाउज घालून बघायच्या खोलीत, माणसं डबा खातात तिथे आणि संडासाच्या वाटेवर कॅमेरा नको. पहिल्या ठिकाणी तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली सरळ गुन्हा आहे.

आवाजाच्या रेकॉर्डिंगला माझं स्पष्ट 'नको'. बस्त्याला आलेलं कुटुंब गादीवर काय काय बोलतं ते आठवा. नवरीची आई हळूच विचारते, 'यात अजून दोन हजार कमी होतील का?' नवरीचे मामा नि आत्या बाजूला जाऊन मानपानाचा हिशेब मांडतात. विहिणीबद्दल जे बोललं जातं ते तर विचारूच नका. हे सगळं तुमच्या डिस्कवर महिनाभर राहावं, आणि तुमच्या पोराने मोबाइलवर ऐकावं? चोरीच्या तपासाला त्याचा उपयोग शून्य. चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअरही सोडून द्या. नेहमीचं गिऱ्हाईक तुमचे मामा चप्पल काढायच्या आत ओळखतात. आणि मशीनने चुकून एखाद्या भल्या बाईला 'मागच्या वेळची संशयित' ठरवलं तर ते निस्तरायला तुम्हालाच जावं लागेल. या दोन गोष्टी काढल्या की कोटेशन बरंच उतरेल.

आता कायद्याचं, कारण 'व्हिडिओ आहे की हो आपल्याकडे' एवढ्यावर लोक निर्धास्त राहतात. कोर्टात डिस्कवरून काढलेल्या प्रतीला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. त्याचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या ठशासारखा आकडा, लिहावा लागतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर प्रकरणात हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. तो वादही निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच होता, जालन्याचा. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण लग्नसराईत डीव्हीआर उचलून कोण देणार? म्हणून घटना घडली की त्याच दिवशी तेवढा भाग पेनड्राइव्हवर उतरवा. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप चित्रही बिघडवते आणि पुरावाही. ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाईल. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा नंबर आणि फाइलचं नाव कागदावर आधीच लिहून न्या, म्हणजे तोंडी सांगण्या-लिहिण्यात गफलत होणार नाही.

आणि कितीही राग आला तरी ती क्लिप पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकू नका. ती बाई निर्दोष निघाली तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावर. आणि आपल्या गावात कसलीही क्लिप दोन तासांत मराठी-कन्नडची होते. साडी राहते बाजूला, दुकानासमोर पोलीस बंदोबस्त येतो.

मामांच्या बाबतीत तुम्ही पत्रात दोनच वाटा ठेवल्यात: कॅमेरा लावला की मामा दुखावणार, नाही लावला तर चोरी चालू राहणार. माझ्या मते मामा कॅमेऱ्याने दुखावलेले नाहीत. घरातल्या माणसांनी सगळं ठरवलं आणि त्यांना बाहेरून कळलं, डबा घरी गेला तो त्यामुळे. इतकी वर्षं गादीवर बसलेल्या माणसाला दुकानातली बातमी शेजारच्या दुकानातल्या पोराकडून मिळावी, हे लागणारच. त्यांना बोलवा, तुमच्या वडिलांच्या समोर, आणि सरळ सांगा: 'साड्या कमी भरल्यात. तुमच्यावर संशय नाही. पण उद्या बस्त्याच्या गर्दीत कुणी गिऱ्हाईक उठून म्हणालं की यांनीच साडी लपवली, तर माझ्याजवळ दाखवायला काहीतरी हवं.' यातला प्रत्येक शब्द खरा असेल तरच बोला. मनात मामांबद्दल शंका असेल तर आधी तो हिशेबाचा आठवडा होऊ द्या.

मग कॅमेरे कुठे लावायचे हे त्यांनाच विचारा. गर्दीत हात कुठून येतो, साडी कुठल्या पिशवीत सरकते, हे त्यांच्याइतकं त्या डीलरला ठाऊक नाही. आणि सातही जणांना ऐकवून नियम करा. रेकॉर्डिंग कारणाशिवाय कुणी बघायचं नाही. बघायचं तेव्हा दोघांनी मिळून, आणि कामगारांपैकी एकजण त्यात हवा. वहीत तारीख आणि कारण लिहायचं. मुलाच्या मोबाइलवर दुकान बंद असतानाचा इशारा येऊ दे, पण दिवसभर कोण किती वेळ चहा पितंय हे बघत बसायला लाइव्ह चित्र नको. पोराला हे जड जाईल, मला माहीत आहे. नव्या खेळण्याचा मोह असतो, आणि तुम्हालाही होईल. गिऱ्हाइकांसाठी दारात पाटी लावा, कन्नड आणि मराठी दोन्हीत, ठळक. आपल्याकडे पाटीच्या भाषेवरून काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

राहता राहिले तुमचे वडील. गिऱ्हाईकाला चोर समजून दुकान चालत नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण त्यांना एक विचारा: तुमची गादी दाराशी, सगळं दुकान नजरेत येईल अशी कुणी आणि का घातली होती? समोरच्या भिंतीला मोठे आरसे होते ते नुसते साडी बघायलाच होते का? त्या काळी मालक दिवसभर तिथे बसून असायचा, आणि गिऱ्हाइकाला त्याचं वाईट वाटत नसे, कारण तो समोर दिसायचा. लपवलेला कॅमेरा आणि पाटी लावून समोर ठेवलेला कॅमेरा यात फरक आहे, तो त्यांना नक्की कळेल.

ज्यांचं दुकान याहून लहान आहे, निपाणीत किराणा असेल, संकेश्वरला मेडिकल असेल, त्यांना दोन कॅमेरे पुरतात: दारावर एक, गल्ल्यावर एक. बाकीचे पैसे मालाची मोजणी दर आठवड्याला करायची सवय लागेपर्यंत बँकेत राहू द्या.

आता डीलरला बोलवाल तेव्हा दुपारी बोलवू नका. संध्याकाळी साडेसातला, दुकानातले नेहमीचे पिवळे दिवे चालू असताना बोलवा. कॅमेरा हातात धरून दाखवायचा असेल तर नको म्हणा, जिथे लावणार तिथेच शिडीवर चढून धरायला सांगा. मग गल्ल्यावर पाचशेची नोट ठेवा, गादीवर मोरपिशी आणि हिरवी अशा दोन जवळच्या रंगांच्या साड्या पसरा, दारातून एखाद्या अनोळखी माणसाला आत यायला सांगा. हे सगळं रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर घ्या आणि घरच्या टीव्हीवर थांबवून बघा. लाइव्ह चित्र सगळ्यांचंच छान दिसतं, थांबवलेलं दिसायला हवं. नोट कितीची, साडी कुठली आणि माणूस कोण, हे तुमच्या वडिलांना चष्मा लावून सांगता आलं तर सही करा. नाही आलं तर त्याला भिंग बदलून पुन्हा आणायला सांगा.